नववा दिवा व दहावा माणूस

दान करणे सोपे की अवघड, असा प्रश्न कोणी विचारल्यास बहुतेक विद्यार्थी 'अवघड' असेच उत्तर देतील. कारण खिशातील पैसा बाहेर काढताना हात जड होतो, हे लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. आमच्या मते मात्र या उत्तरास थोडी पुस्ती जोडणे अवश्य आहे. मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत आमच्या छत्रपती संभाजीनगरात पहाटेचा वारा अंगास झोंबू लागला, रेल्वे स्टेशनाबाहेर व मोठ्या दवाखान्यांच्या आवारात उघड्यावर निजणारी माणसे दिसू लागली, म्हणजे शाळांतून जुने कपडे व घोंगड्या गोळा होतात. नाताळ जवळ आलेला असतो. मनेही मऊ झालेली असतात. पालक उदारपणे पिशव्या भरून पाठवितात, आणि दोन दिवसांत वर्गाच्या कोपऱ्यात ढीग उभा राहतो. ही चाल स्तुत्य आहे व ती मोडू नये. परंतु पिशवीत घालून पाठविता येत नाही असेही एक दान आहे, आणि ते सर्वांत दुर्मिळ आहे. त्याची ओळख ज्या लोकांनी आम्हांस करून दिली, त्यांच्याविषयी चार शब्द आमच्या बालवाचकांस व त्यांच्या आईबापांस सांगावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहिला आहे.

हे लोक म्हणजे महाराष्ट्रातील बेने-इस्राएल. अब्राहाम, मोशे, दावीद ही नावे पवित्र शास्त्राच्या तासाला ज्यांच्या कानांवरून नित्य जातात, त्या आमच्या विद्यार्थ्यांस यहूदी लोक यरुशलेमेत राहतात एवढे माहीत असते. ते अलिबागेसही राहतात, घरी मराठी बोलतात, आणि त्यांची आडनावे दिवेकर, केहिमकर, पेणकर, अष्टमकर अशी असतात, हे ऐकून मुले चकित होतात. त्यांच्या परंपरेप्रमाणे फार प्राचीन काळी अलिबागजवळील नवगाव येथील किनाऱ्यावर एक तारू फुटले. त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. कोकणच्या खेड्यापाड्यांत त्यांनी तेलाचे घाणे चालविले. शनिवार हा त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी घाणा बंद राही. यावरून शेजारी त्यांस 'शनवार तेली' म्हणू लागले. पोथ्या समुद्रात गेल्या, पूर्वजांची भाषा विसरली, तरी सात दिवसांतून एक दिवस घाण्याचा बैल सोडून ठेवण्याचा नेम त्यांनी सोडला नाही.

आमच्या शहराहून तपोवन एक्सप्रेसने मुंबईस गेलेल्यांनी शेवटच्या स्थानकाच्या अगदी अलीकडे 'मस्जिद' अशी पाटी पाहिली असेल. बेने-इस्राएल लोक आपल्या प्रार्थनामंदिरास मशीद म्हणत. आणि तेथून जवळच असलेल्या त्यांच्या 'शआर हाराहमीम', म्हणजे 'दयेचे द्वार', या मंदिरावरून स्थानकास ते नाव पडले, असे सांगतात. हे मंदिर सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली उभारले. ते इंग्रजांच्या फौजेत होते व टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते. हे कैदी बेने-इस्राएल आहेत असे कळताच सुलतानाच्या मातेने रदबदली करून त्यांचे प्राण वाचविले, आणि सुटकेबद्दलची कृतज्ञता म्हणून सामाजींनी देवाचे घर बांधले, अशी कथा या समाजात पिढ्यान्पिढ्या सांगितली जाते. मिशनशाळांचाही या लोकांशी जुना ऋणानुबंध आहे. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली इब्री भाषेचे व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. त्यामुळे आपल्या पूर्वजांची भाषा आपल्या मायबोलीतून शिकण्याची वाट या लोकांस मोकळी झाली.

यहूदी दातृत्व म्हटले म्हणजे अनेकांस पुण्याचे ससून रुग्णालय आठवते. ते योग्यच आहे. डेव्हिड ससून यांच्या देणगीच्या साहाय्याने उभे राहिलेले हे रुग्णालय १८६७ पासून सर्व जातिधर्मांच्या रोग्यांची सेवा करीत आले आहे. परंतु ससून घराणे बगदादहून आलेल्या धनाढ्य व्यापाऱ्यांचे. बेने-इस्राएल समाज त्यांहून निराळा. त्यात कारकून, शिपाई, सुतार, शिक्षक, परिचारिका, रेल्वेतील नोकर अशीच माणसे फार. दगडी इमारत बांधून देण्याचे सामर्थ्य त्यांपैकी थोड्यांस होते. त्यांच्यात रब्बीही नव्हते. मंडळीचा सर्व कारभार मुकादम, चौगुला, खजिना सांभाळणारा गबाई, प्रार्थना चालविणारा हझान व मंदिराची झाडलोट, दिवाबत्ती पाहणारा शमाश, अशा घरच्याच माणसांवर चाले. ज्या मंडळीत पगारी धर्मगुरू नाही, तेथे प्रत्येकास काही ना काही काम उचलावेच लागते. श्रीमंतांच्या दानाने रुग्णालये उभी राहतात. गरिबांच्या दानाने मंडळी उभी राहते.

इब्री भाषेत दानास 'त्सेदाका' म्हणतात. आमचे मुसलमान विद्यार्थी घरी 'सदका' हा शब्द ऐकतात, तो या शब्दाचा सख्खा भाऊ होय. त्सेदाका या शब्दाच्या मुळाशी दयेचा नव्हे, तर न्यायाचा अर्थ आहे. शेताचे कोपरे कापू नयेत, गळालेली कणसे वेचू नयेत, तो सरवा दरिद्री व परदेशी यांच्यासाठी राहू द्यावा, असा नियम लेवीयाच्या पुस्तकात आहे. आणि अशाच शेतात सरवा वेचीत असलेली रूथ आमच्या विद्यार्थ्यांच्या चांगल्या ओळखीची आहे. तो सरवा तिला कोणी मेहेरबानीने दिला नव्हता. त्यावर तिचा हक्कच होता. बाराव्या शतकातील थोर यहूदी पंडित मायमोनिदीज यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या आहेत. नाइलाजाने, कपाळास आठ्या घालून दिलेले दान सर्वांत खालच्या पायरीवर. देणाऱ्यास घेणारा व घेणाऱ्यास देणारा ठाऊक नाही असे दान पुष्कळ वरच्या पायरीवर. आणि गरजवंतास काम, कर्ज किंवा भागीदारी देऊन पुन्हा हात पसरण्याची वेळच त्यावर येऊ न देणे, ही सर्वांत वरची पायरी.

हे सारे पुस्तकांतून कळण्यासारखे आहे. परंतु ज्या दानाचा आम्ही प्रारंभी उल्लेख केला, ते आम्ही प्रत्यक्ष पाहिले.

सुमारे वीस वर्षांपूर्वी शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी आम्ही मुंबईस राहिलो असता एक बेने-इस्राएल सहाध्यायी आमचे जिवलग स्नेही झाले. डिसेंबर महिन्यात त्यांच्या मातोश्रींच्या निधनास इब्री पंचांगाप्रमाणे एक वर्ष पूर्ण होत होते, आणि ती तिथी नेमकी हनुका नामक सणाच्या पाचव्या रात्री येत होती. त्यांनी आम्हांस आग्रहाने आपल्या गावी नेले. गाव कोकणातील, तालुक्याचे. मंदिर लहानसे, चुन्याने रंगविलेले. पूर्वी त्या आळीत या लोकांची बरीच घरे होती; १९४८ साली इस्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. आम्ही गेलो तेव्हा चारच घरांत माणसे उरली होती.

मातोश्रींसाठी मुलाने कद्दीश म्हणावयाचा होता. ही प्रार्थना प्राचीन अरामी भाषेत आहे. तीत मृत्यूचा उल्लेखही नाही. देवाच्या नामाची स्तुती तेवढी आहे. परंतु ती एकट्याने म्हणता येत नाही. तेरा वर्षे पूर्ण झालेले दहा पुरुष एकत्र जमले, तरच ती म्हणावयाची. दहांच्या या मेळ्यास मिन्यान म्हणतात. एखाद्याचे दुःख कितीही खरे असो, तो कितीही विद्वान वा श्रीमंत असो, नऊ माणसांत त्यास ती प्रार्थना म्हणता येणार नाही. शोक करणाऱ्यास एकटे राहू द्यावयाचे नाही, असा त्या नियमाचा अर्थ आम्हांस वाटतो.

त्या संध्याकाळी नऊ जमले. मुंबईहून रजा काढून आलेले दोघे चुलते होते. एक निवृत्त कारकून, एक सुतार, वायरिंगचे काम करणारे एक तरुण गृहस्थ, ऐंशी उलटलेले व काठी टेकीत आलेले एक आजोबा, मंदिराचे वृद्ध शमाश, आमचे स्नेही व त्यांचे वडील. आम्ही डोक्यास टोपी घालून मागच्या बाकावर बसलो होतो. खोलीत डोकी दहा होती. मोजणीत मात्र नऊच. स्नेह्यांचे वडील, ज्यांस सर्वजण आबा म्हणत, आमच्याजवळ आले व खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, तुम्ही एवढ्या लांब आलात, हे आम्हांला पुष्कळ आहे. पण या मोजणीला आमच्यातलाच माणूस लागतो. वाईट वाटून घेऊ नका."

आम्हांस वाईट वाटले नाही. परंतु माणसाचे असणे व माणूस मोजला जाणे यांत किती अंतर आहे, हे त्या क्षणी कळले.

दहावा कोण, याचा विचार सुरू झाला. शेजारच्या गावी एक विधवा बाई आपल्या मुलासह राहत असे. मुलाने त्याच वर्षी तेरावे ओलांडले होते. आबांनी दूरध्वनी केला. मुलाची दुसऱ्या दिवशी विज्ञानाची सहामाही परीक्षा होती. आबांनी ते ऐकून, "मग राहू द्या, बाई, अभ्यास महत्त्वाचा," असे म्हटले. पलीकडून काय उत्तर आले ते आम्हांस ऐकू गेले नाही. परंतु आबांनी फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे पाणावले होते. ते एवढेच म्हणाले, "पाठवतेय. पुस्तक बरोबर देतेय म्हणाली."

आता मुलास उतरवून घेण्यास कोणी तरी नाक्यावर जावयास हवे होते. मोजणीतील माणूस हलला तर मोजणी आणखी घटणार! तेव्हा ते काम सहजच आमच्याकडे आले. जाण्यापूर्वी दुसरेही एक काम मिळाले. वृद्ध शमाशांचा हात कापत असे. म्हणून दिव्यांच्या काचेच्या प्याल्यांत तळाशी पाणी व वर खोबरेल तेल ओतण्याचे त्यांनी आम्हांस सांगितले. ते काम उरकून, विजेरी घेऊन, आम्ही गार वाऱ्यात नाक्यावर उभे राहिलो. आठ वाजून गेल्यावर मुलगा उतरला. अंगात स्वेटर, काखेत पुस्तक. वाटेने त्याने आम्हांस एकच प्रश्न विचारला : "सर, अजून नऊच आहेत ना? का कोणी आलं?" नऊच आहेत, असे आम्ही सांगताच तो झपझप चालू लागला.

दिवे लागले. हनुका हा आठ रात्रींचा सण. ख्रिस्ताच्या पूर्वी सुमारे दीडशे वर्षे यरुशलेमेतील मंदिर शत्रूच्या हातून सोडवून पुन्हा शुद्ध करण्यात आले, त्याचे हे स्मरण. मौजेची गोष्ट अशी की, पिढ्यान्पिढ्या तेल गाळणाऱ्या या शनवार तेल्यांस तेलाच्या दिव्यांचा हा सण पूर्वी ठाऊकच नव्हता. कारण ती घटना घडण्यापूर्वीच आपले पूर्वज स्वदेश सोडून निघाले होते, असे ते सांगतात. बाहेरच्या यहूद्यांशी संबंध आल्यानंतर त्यांनी हा सण उचलला. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, असे दिवे वाढत जातात. परंतु त्या ओळीपासून वेगळा असा आणखी एक दिवा असतो. तो आधी पेटवितात, व त्याने इतर दिवे लावतात. सणाच्या दिव्यांच्या उजेडात कोणतेही काम करावयाचे नाही, असा नियम आहे. कामाचा उजेड या वेगळ्या दिव्याचा. आठ दिव्यांच्या मोजणीत हा नववा धरीत नाहीत. त्याचे नाव आम्ही विचारले तेव्हा आबा हसून त्या वृद्ध सेवकाकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यालाही शमाशच म्हणतात."

त्यानंतर कद्दीश म्हटला गेला. आमच्या स्नेह्यांचा आवाज मध्ये अडखळला. तेव्हा इतर नऊ जणांचे 'आमेन' इतके ठामपणे उठले की, पुढचे शब्द त्यावर तोलून धरल्यासारखे पार पडले. त्या नऊ आवाजांत एक आवाज नुकताच फुटू लागलेला होता. प्रार्थना संपल्यावर मुलाचे जाहीर आभार कोणी मानले नाहीत. आजोबांनी त्यास शेजारी बसविले, आणि विजेच्या दिव्याखाली त्याने आपले पुस्तक उघडले.

या ठिकाणी आमच्या मुली विचारतील की, दहा पुरुषच का? प्रश्न रास्त आहे. त्या समाजाचा जुना नियम तसा आहे. परंतु सेवेच्या बाबतीत त्यांच्या स्त्रियांनी कोणाच्या मोजणीची वाट पाहिली नाही. १९१३ साली मुंबईत त्यांचे स्त्रीमंडळ निघाले. त्याच्या उभारणीशी ज्यांचे नाव निगडित आहे, त्या डॉ. जेरूशा झिराड यांनी विलायतेत उच्च वैद्यकीय शिक्षण घेतले, मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा वाहिली, व सर्व धर्मांच्या असंख्य मातांची सुखरूप सुटका केली. १९६६ साली भारत सरकारने त्यांस पद्मश्री देऊन गौरविले. आणि ज्या मातेने परीक्षेच्या आदल्या रात्री पुत्रास पाठविले, ती त्या रात्री मोजणीत नव्हती, इतकेच काय, गावातही नव्हती; तरी दहावा माणूस तिनेच दिला, हे विसरता येत नाही.

शिक्षणाच्या बाबतीतही असेच झाले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी सहकाऱ्यांसह १८७५ साली मुंबईत आपल्या समाजातील मुलांसाठी शाळा काढली. ती पुढे सर एली कदूरी यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. यहूदी मुले कमी होत गेली, परंतु शाळेचे दार मिटले नाही. तिच्या बाकांवर अन्य धर्मांची मुले बहुसंख्येने बसू लागली. थंडी ओसरण्यापूर्वी, शबात महिन्याच्या पौर्णिमेस, एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे आपल्या ओळखीच्या एलीया संदेष्ट्याचा, उरूस येतो. अलिबागजवळील खंडाळे येथील खडकावर संदेष्ट्याच्या रथाची खूण उमटली आहे, अशी या लोकांची श्रद्धा आहे. त्या वेळी भिजविलेले पोहे, ओले खोबरे, गूळ, वेलदोडे व फळे यांचा मलिदा करतात. स्तुतिगीत व आशीर्वाद झाल्यावर तो जमलेल्या सर्वांस वाटतात. त्या वाटपात मात्र मोजणी नसते, पाहुणा व घरचा असा भेद नसतो.

मोजणीबाहेरच्या माणसाची सेवा किती मोलाची असू शकते, याचे एक उदाहरण साऱ्या जगास ठाऊक आहे. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाऊसमधील यहूदी धर्मगुरू व त्यांच्या पत्नी मारल्या गेल्या. त्यांच्या सुमारे दोन वर्षांच्या मोशे नामक बालकास त्या घरातून जिवंत बाहेर आणले ते सँड्रा सॅम्युएल या त्याच्या ख्रिस्ती दाईने. पुढे त्या बालकाच्या संगोपनासाठी ती इस्राएलासही गेली.

२०११ च्या जनगणनेत सबंध भारतातील यहूदी लोकांची संख्या पाच हजारांच्याही आत भरली. इतक्या थोड्या लोकांस आपल्या मंदिरांचे दिवे तेवत ठेवावयाचे आहेत. यासाठी पैसा लागतोच; परंतु पैसा दुसऱ्या देशातूनही पाठविता येतो. दहावा माणूस मात्र चालत यावा लागतो. लहान मंडळीत कोणाचे न येणे लपत नाही. आमच्यासारख्या मोठ्या मंडळ्यांत, मोठ्या शाळांत, मोठ्या शहरांत ते लपते. मी गेलो नाही तर दुसरा कोणी जाईलच, असे प्रत्येकास वाटते, आणि शेवटी कोणीच जात नाही.

आमच्या उपासनामंदिराजवळ एका मागील खोलीत एक वृद्ध परिचारिका राहतात. या शहरातील कित्येक मुले जन्मताच त्यांच्या हातांत आली. मागील नाताळात आमचे विद्यार्थी त्यांस घोंगडी देण्यास गेले असता त्यांनी खाटेखालच्या पेटीकडे बोट दाखविले व हसत म्हटले, "बाळांनो, घोंगड्या तीन आहेत. थोडा वेळ बसता का?" मुले अर्धा तास बसली. बाईंनी त्यांस मनमाडहून रात्रीच्या गाडीने एकटीने केलेल्या पहिल्या प्रवासाची गोष्ट सांगितली. मुले उठली तेव्हा त्यांनी फक्त, "पुन्हा कधी?" एवढेच विचारले.

त्या प्रश्नास उत्तर म्हणून आम्ही वर्गाच्या भिंतीवर एक कागद लावला आहे. त्यावर आठवड्याचे वार आहेत, व प्रत्येक वारापुढे दोन नावांची जागा आहे. ज्याचे नाव ज्या दिवशी, त्याने शाळा सुटल्यावर अर्धा तास बाईंकडे किंवा आमच्या परिसरातील अशाच दुसऱ्या एखाद्या घरी जाऊन बसावे; औषध आणावे, पत्र वाचून दाखवावे, किंवा नुसते ऐकावे. काही पालकांनी परीक्षा जवळ आल्याची आठवण आम्हांस दिली आहे. त्यांची काळजी आम्ही जाणतो; आम्हीही मुलांचे बाप आहोत. त्यांस आमची नम्र विनंती एवढीच की, मुलास अवश्य जाऊ द्यावे, व पुस्तक बरोबर द्यावे. गुरुवारापुढील दुसरी जागा अद्याप रिकामी आहे.